अमेरिकेतली एमएलएस परीक्षा: कागद जमवण्यापासून निकालापर्यंत

कोल्हापुरात एका रुग्णालयाच्या लॅबमध्ये मी सात वर्षं काम केलं. शिक्षण एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजी आणि त्यावर डीएमएलटी, म्हणजे लॅब तंत्रज्ञाची पदविका. लग्नानंतर न्यू जर्सीत आले. कामाचा परवाना मिळाल्यावर लॅबमध्ये नोकरी विचारायला गेले, तर पहिलाच प्रश्न आला, "एएससीपी सर्टिफिकेशन आहे का?" म्हणजे एमएलएस परीक्षा पास झाल्यावर मिळणारं, लॅबमध्ये काम करण्यासाठीचं प्रमाणपत्र. ते नव्हतं. म्हणून सॅम्पल घेणं, बारकोड लावणं आणि सेंट्रिफ्यूज लावणं एवढंच काम मिळालं. सात वर्षं मी जे केलं तेच शेजारच्या बेंचवर दुसरं कोणीतरी करत होतं, आणि मी त्यांच्या हातात ट्यूब नेऊन देत होते.

तिथून सर्टिफिकेट हातात येईपर्यंत दोन वर्षं गेली. त्यातले आठ महिने निव्वळ कागदपत्रांत गेले आणि पहिल्या प्रयत्नात मी नापास झाले. ज्ञान कमी पडलं असं मला आजही वाटत नाही. परीक्षा काय विचारते तेच मला उशिरा समजलं. महाराष्ट्रातून आलेल्या आणि लॅबमध्ये हात बसलेल्या माणसाचा हा वेळ वाचावा म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते आहे.

१. आधी परीक्षा कोणती ते नीट समजून घ्या

अमेरिकन सोसायटी फॉर क्लिनिकल पॅथॉलॉजी म्हणजे एएससीपी, स्थापना १९२२. लॅबमधल्या लोकांना प्रमाणपत्र देणारं तिचं मंडळ १९२८ पासून आहे. २००९ मध्ये ते दुसऱ्या एका प्रमाणन संस्थेबरोबर एकत्र आलं आणि 'बोर्ड ऑफ सर्टिफिकेशन' झालं. त्याच वेळी 'मेडिकल टेक्नॉलॉजिस्ट' जाऊन 'मेडिकल लॅबोरेटरी सायंटिस्ट' हे नाव आलं. त्यामुळे तुमच्या लॅबमधल्या ज्येष्ठ सहकाऱ्यांच्या बिल्ल्यावर 'एमटी' आणि नव्यांच्या बिल्ल्यावर 'एमएलएस' दिसलं तर गोंधळू नका. दर्जा तोच आहे.

'एमएलटी' मात्र वेगळी परीक्षा आहे. ती टेक्निशियनची, दोन वर्षांच्या असोसिएट पदवीवर आधारलेली. आपल्याकडच्या 'डीएमएलटी'मध्येही 'एमएलटी' ही अक्षरं आहेत, म्हणून अनेक जण आपली परीक्षा तीच समजून अर्ज करतात. पदवी असेल आणि अटी पूर्ण होत असतील तर थेट एमएलएसच द्या. पगारात आणि जबाबदारीत फरक पडतो.

अमेरिकन मेडिकल टेक्नॉलॉजिस्ट्स, म्हणजे एएमटी, ही दुसरी संस्थाही प्रमाणपत्र देते आणि काही रुग्णालयं ते स्वीकारतात. तुम्हाला जिथे काम करायचंय तिथल्या दहा जाहिराती वाचा आणि मग ठरवा. माझ्या भागात बहुतेकांनी एएससीपी मागितलं होतं, म्हणून पुढचं सगळं त्याबद्दल आहे.

२. तुमचा मार्ग ओळखा

परीक्षेला बसायला पात्रतेचे वेगवेगळे मार्ग आहेत. अमेरिकेत मान्यताप्राप्त एमएलएस अभ्यासक्रम केलेल्यांचा मार्ग सर्वांत सरळ. आपल्यासारखे बहुतेक लोक अनुभवाच्या मार्गाने जातात. मी गेले त्या मार्गाच्या अटी अशा होत्या: अमेरिकन बॅचलर पदवीच्या तोडीचं शिक्षण, जीवशास्त्राचे १६ आणि रसायनशास्त्राचे १६ सेमिस्टर क्रेडिट (विषय किती शिकलात ते मोजायचं अमेरिकन एकक), जीवशास्त्रात मायक्रोबायोलॉजी असलीच पाहिजे, आणि गेल्या दहा वर्षांत पाच वर्षांचा पूर्णवेळ अनुभव. अर्ज करण्यापूर्वी मंडळाच्या संकेतस्थळावर त्या दिवशीच्या अटी स्वतः वाचा, कारण त्या अधूनमधून बदलतात. भारतात राहून परीक्षा देणाऱ्यांसाठीच्या अटीही तिथेच पाहा.

या एका ओळीच्या अटींमध्ये तीन खड्डे आहेत.

पहिला खड्डा अनुभवाचा. कुठल्याही लॅबचा अनुभव धरला जात नाही. भारतातला अनुभव असेल तर ती लॅब आयएसओ १५१८९ (वैद्यकीय लॅबच्या दर्जाचं आंतरराष्ट्रीय मानक) किंवा जेसीआय (रुग्णालयांना मान्यता देणारी आंतरराष्ट्रीय संस्था) अशी मान्यता असलेली लागते. आपल्याकडे एनएबीएल ही संस्था आयएसओ १५१८९ प्रमाणे ही मान्यता देते. म्हणून तुमच्या जुन्या लॅबला एनएबीएल होतं का आणि कोणत्या वर्षापासून, हे सगळ्यात आधी विचारा. गल्लीतल्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये दहा वर्षं घालवलेल्या एका मैत्रिणीला हे अर्ज नाकारला गेल्यावर कळलं.

दुसरा खड्डा विभागांचा. अनुभव रक्तपेढी, केमिस्ट्री, हिमॅटॉलॉजी, मायक्रोबायोलॉजी, इम्युनॉलॉजी आणि युरिनालिसिस अशा सगळ्या विभागांत दाखवावा लागतो. आपल्याकडे रक्तपेढीचा परवाना वेगळा असतो आणि बहुतेकदा कर्मचारीही वेगळे. पॅथॉलॉजी लॅबमधला माणूस वर्षानुवर्षं तिकडे फिरकत नाही. तुम्ही अजून भारतात असाल तर हे वाचल्यावर पहिलं काम हेच करा: वरिष्ठांना विनंती करून काही महिने रक्तपेढीत ड्यूटी मागून घ्या आणि त्याची नोंद ठेवा.

तिसरा खड्डा तीन वर्षांच्या बी.एस्सी.चा. परदेशी पदवी अमेरिकेत कशाच्या तोडीची हे ठरवणाऱ्या मूल्यांकन संस्थांपैकी काही ती पूर्ण बॅचलर मानतात, काही फक्त तीन वर्षांचं शिक्षण मानतात. माझ्या बाबतीत बी.एस्सी. आणि एम.एस्सी. एकत्र धरून प्रश्न सुटला. नुसती बी.एस्सी. असेल तर पैसे भरण्याआधी मूल्यांकन संस्थेला ईमेल करून विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

३. कागदपत्रं: यातच सगळ्यात जास्त वेळ जातो

लागणाऱ्या गोष्टी:

- विद्यापीठाचं अधिकृत ट्रान्सक्रिप्ट (सर्व विषय आणि गुणांचा उतारा), बंद पाकिटात, पाकिटाच्या झडपेवर शिक्का आणि सही
- पदवी प्रमाणपत्र आणि सर्व वर्षांच्या गुणपत्रिका
- मंडळाने मान्य केलेल्या संस्थेकडून परदेशी शिक्षणाचं मूल्यांकन
- अनुभवाचा ठरावीक फॉर्म, लॅबप्रमुखाच्या सहीने
- तो फॉर्म खरा असल्याचं पत्र, रुग्णालयाच्या लेटरहेडवर
- पासपोर्ट किंवा दुसरं सरकारी ओळखपत्र
- नाव बदललं असेल तर त्याचा पुरावा

मूल्यांकनासाठी डब्ल्यूईएस, ईसीई अशा संस्था आहेत. मंडळाच्या यादीत नाव असलेलीच संस्था निवडा. मूल्यांकन 'कोर्स-बाय-कोर्स' प्रकारचंच मागवा. दुसरा एक स्वस्त प्रकार असतो, त्यात पदवी कशाच्या तोडीची एवढंच लिहून येतं. पण १६ क्रेडिट जीवशास्त्राचे आणि १६ रसायनशास्त्राचे आहेत हे त्यातून दिसत नाही, आणि तुम्हाला पुन्हा पैसे भरावे लागतात. अहवाल संस्थेकडून थेट मंडळाकडे जाईल असा पर्याय निवडा.

ट्रान्सक्रिप्टसाठी भाऊ विद्यापीठात तीन चकरा मारून आला. चौथ्या वेळी पाकीट मिळालं. कागद बरोबर आहेत का हे पाहावं म्हणून त्याने घरी ते उघडलं. त्याचा हेतू चांगला होता, पण उघडलेलं पाकीट स्वीकारलं जात नाही आणि सगळं पहिल्यापासून करावं लागलं. जे कोणी तुमच्यासाठी कागद आणायला जाईल, त्यांना आधीच बजावा: पाकीट उघडायचं नाही. कागद तपासायचे असतील तर जास्तीची एक प्रत मागा आणि ती उघडा.

आता नावाबद्दल, कारण मराठी बायकांचा इथे हमखास घोटाळा होतो. गुणपत्रिकेवर माझं आडनाव आधी, मग माझं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर माझं नाव, नवऱ्याचं नाव, सासरचं आडनाव. अमेरिकन क्लार्कच्या दृष्टीने ही दोन वेगळी माणसं आहेत. विवाह नोंदणी प्रमाणपत्र हवंच, आणि महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदल प्रसिद्ध केला असेल तर तीही प्रत जोडा. परीक्षेच्या अर्जात मात्र तुमच्या ओळखपत्रावर जसं आहे तसंच, अक्षर न अक्षर तेच नाव लिहा. परीक्षा केंद्रावर दोन्ही जुळवून पाहतात आणि जुळलं नाही तर आत सोडत नाहीत.

अनुभवाच्या फॉर्मवर सही करणारे डॉक्टर निवृत्त झाले, बदलून गेले, तर शोधत बसावं लागतं. देश सोडायच्या आधीच लेटरहेडवर विभागवार अनुभवाचं पत्र घेऊन ठेवा, आणि रुग्णालयाचा चालू ईमेल पत्ताही.

४. अर्ज लवकर, पण फार लवकर नको

अर्ज मंजूर झाला की परीक्षा देण्यासाठी ठरावीक मुदत मिळते. मला तीन महिने मिळाले होते. मी कागद पाठवून अभ्यासाला सुरुवात केली, वाटलं मंजुरीला वेळ लागेल. मंजुरी अपेक्षेपेक्षा लवकर आली आणि तीन महिन्यांत सगळं उरकण्याची वेळ आली.

म्हणून क्रम असा ठेवा: मूल्यांकन आणि अनुभवाचे कागद आधी जमवा, ते येईपर्यंत अभ्यास सुरू ठेवा, एक वाचन पूर्ण झालं की मगच अर्ज पाठवा. मंजुरी येताच पिअर्सन व्ह्यू या परीक्षा घेणाऱ्या कंपनीच्या केंद्रावर तारीख घ्या. मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात जवळच्या केंद्रावर जागा मिळेलच असं नाही.

५. परीक्षेचा आराखडा भिंतीवर लावा

१०० प्रश्न, अडीच तास. म्हणजे एका प्रश्नाला दीड मिनिट. सगळे प्रश्न बहुपर्यायी. परीक्षा संगणकावर आणि अ‍ॅडॅप्टिव्ह असते: उत्तर बरोबर आलं की पुढचा प्रश्न जरा अवघड, चुकलं की जरा सोपा. प्रश्न सोडून पुढे जाता येत नाही. गुण १०० ते ९९९ मध्ये मोजले जातात आणि पास होण्यासाठी ४०० लागतात. हे टक्के नाहीत. अवघड प्रश्नाचं वजन जास्त असतं. त्यामुळे प्रश्न कठीण होत चालले तर घाबरू नका, गाडी बरोबर रुळावर आहे.

विषयांची वाटणी मंडळाच्या आराखड्यात दिलेली असते. रक्तपेढी, केमिस्ट्री, हिमॅटॉलॉजी आणि मायक्रोबायोलॉजी हे चार मोठे, प्रत्येकी साधारण १७ ते २२ टक्के. युरिन आणि इतर बॉडी फ्लुइड, इम्युनॉलॉजी आणि लॅब ऑपरेशन्स हे तीन छोटे, प्रत्येकी ५ ते १० टक्के. हा आराखडा मोफत मिळतो. तो छापून भिंतीवर लावा आणि अभ्यासाचे तास त्याच प्रमाणात वाटा. मी पहिल्या वेळी तसं केलं नाही. मायक्रोबायोलॉजी माझा आवडता विषय, म्हणून निम्मा वेळ त्यातच घालवला. नापास झाल्यावर विभागवार गुण येतात. माझ्या कागदावर मायक्रोबायोलॉजीचे गुण भरपूर होते आणि रक्तपेढीचे अगदी थोडे. तो कागदच पुढच्या अभ्यासाचं वेळापत्रक ठरला.

६. विषयवार अभ्यास: 'काय आहे' सोडा, 'आता काय करायचं' ते शिका

माझं सगळ्यात महत्त्वाचं सांगणं हेच आहे. आपण विद्यापीठात व्याख्या आणि टिपा लिहून पास झालो. ही परीक्षा टिपा विचारत नाही. ती तुमच्यासमोर एक न जुळणारा रिपोर्ट ठेवते आणि विचारते, हे असं का झालं आणि तुम्ही पुढे काय कराल? तुम्ही बेंचवर काम केलं असेल तर उत्तर बहुतेकदा हाताला माहीत असतं. ते कारणासकट सांगता आलं पाहिजे, एवढीच तयारी उरते.

रक्तपेढीपासून सुरुवात करा. भारतातून आलेल्यांची सगळ्यात मोठी उणीव इथेच असते. आमच्याकडे क्रॉसमॅच रोज होई, पण अँटिबॉडी ओळखायचं ११ पेशींचं पॅनेल मी कधी हाताळलं नव्हतं. परीक्षेत ते पॅनेल समोर येतं. पद्धत अशी: ज्या पेशीबरोबर प्रतिक्रिया शून्य आहे ती घ्या, तिच्यावर जे अँटिजेन आहेत त्यांच्या अँटिबॉडी खोडत चला. खोडताना होमोझायगस (अँटिजेनची दुहेरी मात्रा असलेल्या) पेशीच वापरा, कारण किड, डफी, एमएनएस आणि आरएच या रक्तगट प्रणालींच्या अँटिबॉडी एकच मात्रा असलेल्या पेशीबरोबर दुबळ्या दिसू शकतात. एन्झाइमचा परिणाम पाठ हवा: फायसिन या एन्झाइमने डफी आणि एमएन नष्ट होतात, तर किड आणि आरएच आणखी जोरात येतात. रोज दोन पॅनेल याप्रमाणे मी महिनाभर सोडवली. पन्नासाव्या पॅनेलपर्यंत डोळ्यांना नक्षी दिसायला लागते. पुस्तकातला धडा पाच वेळा वाचून ते होत नाही.

आरएच इम्यूनोग्लोब्युलिनच्या (आरएच निगेटिव्ह आईला देतात त्या इंजेक्शनच्या) मात्रेचं गणितही ठेवणीतलं आहे. उदाहरण घ्या: क्लाइहाउअर-बेट्के चाचणीत आईच्या रक्तात बाळाच्या पेशी १.७ टक्के. आईचं रक्त ५,००० मिलिलिटर धरलं तर बाळाचं रक्त ८५ मिलिलिटर. ३०० मायक्रोग्रॅमची एक कुपी ३० मिलिलिटर रक्ताला पुरते. ८५ भागिले ३० म्हणजे २.८३. दशांश अर्ध्याच्या वर, म्हणून वरच्या पूर्णांकाला नेऊन ३, आणि सुरक्षिततेसाठी एक जास्त: ४ कुप्या. दशांश अर्ध्याच्या खाली असता तर खालच्या पूर्णांकात एक मिळवला असता. शेवटची 'एक जास्त' विसरली की पर्यायांत ३ हे उत्तर तयारच असतं.

आणि हा एक नमुना प्रश्न पाहा. फॉरवर्ड ग्रुपिंगमध्ये (रुग्णाच्या पेशी तपासताना) अँटी-ए शून्य, अँटी-बी शून्य. रिव्हर्समध्ये (रुग्णाचं सीरम तपासताना) ए आणि बी पेशी दोन्ही चार प्लस, म्हणजे सगळ्यात जोरदार प्रतिक्रिया. इथपर्यंत 'ओ' गट. पण स्क्रीनिंगच्या सगळ्या ओ पेशीही चार प्लस, आणि ऑटो कंट्रोल (रुग्णाच्या पेशी त्याच्याच सीरमबरोबर) शून्य. काय आहे हे? आपल्या मुंबईचं नाव असलेला बॉम्बे रक्तगट. डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी तो मुंबईत शोधला आणि १९५२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केला. या माणसाच्या पेशींवर एच अँटिजेनच नसतं, म्हणून त्याच्या सीरममध्ये अँटी-एच असतं, आणि एच सगळ्यात जास्त असतं ते ओ पेशींवर. त्याला साधं ओ रक्त चालत नाही. अँटी-एच लेक्टिनने खात्री करतात. अमेरिकेतल्या परीक्षेच्या अभ्यासात मुंबईचं नाव पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं होतं, आणि तो मुद्दा पुन्हा कधीच विसरले नाही.

हिमॅटॉलॉजीत आकडे एकमेकांशी पटतात का हे पाहायची सवय लावा. हिमोग्लोबिन ११.४, हिमॅटोक्रिट (रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण) २१, एमसीएचसी (लाल पेशींमधली हिमोग्लोबिनची दाटी) ५४. हिमोग्लोबिनची तिप्पट साधारण हिमॅटोक्रिटइतकी यायला हवी, म्हणजे ३४ च्या आसपास. इथे २१ आलंय आणि एमसीएचसी तर शक्यच नाही एवढं मोठं. एमसीव्ही (लाल पेशीचा सरासरी आकार) सुद्धा वाढलेलं दिसलं तर कोल्ड अ‍ॅग्लुटिनिन धरा: पेशी चिकटून गठ्ठे झालेत आणि मशिनने गठ्ठ्याला एक पेशी मोजलंय. पुढची पायरी काय? सॅम्पल ३७ अंशांवर गरम करून पुन्हा चालवा. रुग्णाला रक्त चढवा, डॉक्टरांना कळवा, नवीन सॅम्पल मागवा असे पर्यायही समोर असतात आणि घाईत तेच बरोबर वाटतात.

केंद्रक असलेल्या लाल पेशींसाठी पांढऱ्या पेशींची दुरुस्ती पाठ असू द्या. मोजणी १५,०००, शंभर पांढऱ्या पेशींमागे केंद्रकवाल्या ५०: १५,००० गुणिले १००, भागिले १५०, म्हणजे १०,०००. सिकल सेल आणि थॅलेसेमियात आपण पुढे असतो. विदर्भात किंवा नंदुरबारकडे काम केलेल्यांनी तर सिकलच्या स्लाइड पुष्कळ पाहिलेल्या असतात. पण हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणाऱ्या अल्कलाइन इलेक्ट्रोफोरेसिसमध्ये एसबरोबर डी आणि जी धावतात, सीबरोबर ई आणि ए२, हे नीट बसवून घ्या. एकाच जागी आलेले पट्टे वेगळे कसे करायचे हा आवडता प्रश्न आहे, आणि उत्तर ॲसिड इलेक्ट्रोफोरेसिसमध्ये आहे.

कोॲग्युलेशन, म्हणजे रक्त गोठणं, थोडक्यात: निळ्या टोपणाच्या ट्यूबमध्ये ३.२ टक्के सायट्रेट, रक्त नऊ भाग आणि सायट्रेट एक भाग. हिमॅटोक्रिट ५५ च्या वर गेलं की सायट्रेट कमी करावं लागतं. मिक्सिंग स्टडीत (रुग्णाचा आणि निरोगी प्लाझ्मा मिसळून) गोठायची वेळ सुधारली तर फॅक्टरची कमतरता, नाही सुधारली तर इनहिबिटर. एवढ्यावर बरेच प्रश्न सुटतात.

केमिस्ट्रीत मी सूत्रांची एक वही केली होती: अ‍ॅनायन गॅप, ऑस्मोलॅलिटी, फ्रीडवाल्डचं एलडीएल. एलडीएलचं सूत्र ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर असेल तर वापरायचं नाही, आणि परीक्षा नेमकं तिथेच अडवते. दूषित सॅम्पलचे प्रश्न हमखास येतात. पोटॅशियम खूप वाढलेलं, कॅल्शियम एकदम खाली, अल्कलाइन फॉस्फेटेजही कमी, आणि रुग्ण तर व्यवस्थित चालतोय: जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमधलं ईडीटीए दुसऱ्या ट्यूबमध्ये गेलंय. ज्याने कलेक्शनला काम केलंय त्याला हे क्षणात कळतं.

मायक्रोबायोलॉजीत आपला पाया पक्का असतो, पण भूगोल बदलतो. स्मिअरमध्ये रिंग दिसली की आपला हात आपोआप फाल्सिपेरम मलेरियाकडे जातो. इथे थांबा आणि प्रश्न पुन्हा वाचा. रुग्ण न्यू इंग्लंडमध्ये राहतो, टिक (गोचीड) चावल्याचा उल्लेख आहे, रंगद्रव्य नाही, केळ्याच्या आकाराचे गॅमेटोसाइट नाहीत, काही रिंग पेशींच्या बाहेर आहेत आणि कुठे चार रिंग क्रॉससारख्या जुळलेल्या आहेत: हा बबेसिया, टिकवरून येणारा परजीवी. लाइम रोग आणि एर्लिकियाही टिकवरून येतात, तेही करा. बुरशीत हिस्टोप्लाझ्मा म्हटलं की ओहायो आणि मिसिसिपी नद्यांची खोरी, कॉक्सिडिऑइडिस म्हटलं की ॲरिझोना-कॅलिफोर्नियाचं वाळवंट. क्षयाचे आणि टायफॉइडचे प्रश्नही असतात, त्यात अडचण येऊ नये.

इम्युनॉलॉजीत हिपॅटायटिस बीच्या मार्करचा तक्ता आणि सिफिलिस, एचआयव्ही चाचण्यांचा क्रम पक्का करा. युरिनमध्ये स्ट्रिपचा निकाल आणि मायक्रोस्कोपीतलं दृश्य जुळत नसेल तर का, एवढं तयार ठेवा; व्हिटॅमिन सी जास्त असेल तर रक्ताची पट्टी खोटी निगेटिव्ह येते, हे एक उदाहरण. सीएसएफच्या (मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीच्या द्रवाच्या) तीन ट्यूब कोणत्या विभागाला कोणत्या क्रमाने जातात तेही विचारतात: पहिली केमिस्ट्री, दुसरी मायक्रोबायोलॉजी, तिसरी हिमॅटॉलॉजी.

लॅब ऑपरेशन्स हा भाग लोक सोडून देतात. सोडू नका, इथले गुण सोपे आहेत. क्वालिटी कंट्रोलचे वेस्टगार्डचे नियम, त्यातल्या शिफ्ट आणि ट्रेंड यातला फरक, सेन्सिटिव्हिटी आणि स्पेसिफिसिटीचं गणित, आगीच्या वेळचा क्रम, रसायनांच्या बाटलीवरच्या धोक्याच्या चौकटीतले रंग: निळा आरोग्याचा, लाल ज्वलनाचा, पिवळा अस्थिरतेचा. आणि १९८८ चा क्लिया कायदा, ज्याखाली अमेरिकेतल्या सगळ्या क्लिनिकल लॅब चालतात. एका शनिवार-रविवारमध्ये हे सगळं होतं.

७. सराव कसा करायचा

पहिल्या वेळी मी वाचलं आणि अधोरेखित केलं. दुसऱ्या वेळी चार महिने घेतले आणि पहिल्या आठवड्यापासून प्रश्न सोडवले. रोज ४०, संध्याकाळची शिफ्ट सुरू होण्याआधी सार्वजनिक वाचनालयात बसून. उत्तर बरोबर आलं तरी बाकीचे तीन पर्याय का चूक हे एका ओळीत लिहायचं. हे सुरुवातीला फार हळू चालतं, पण याच ओळी पुढे परीक्षेत उत्तर बनून येतात.

शेवटच्या महिन्यात अ‍ॅडॅप्टिव्ह सराव चाचण्या द्या, घड्याळ लावून, पूर्ण १०० प्रश्नांच्या. त्यात टक्के कमी दिसतात, कारण चाचणी तुम्हाला अवघडाकडे ढकलत राहते. टक्क्यांबरोबर प्रश्नांची काठिण्यपातळी पाहा.

मला सगळ्यात जास्त उपयोगी पडलेली गोष्ट वेगळीच आहे. दर रविवारी मी आईला फोनवर एक विषय मराठीत समजावून सांगत असे. ती शाळेत शिक्षिका होती, लॅबशी काही संबंध नाही. ती मध्येच विचारायची, "मग ते रक्त त्याला का चालत नाही?" आणि उत्तर अडलं की मला कळायचं, हे मला आलेलं नाही, नुसतं पाठ आहे. तुमच्या घरी असं ऐकून घेणारं माणूस असेल तर त्यांचा हा वेळ मागून घ्या.

८. परीक्षेचा दिवस

केंद्रावर अर्धा तास आधी पोचा. सही आणि फोटो असलेलं, मुदत न संपलेलं सरकारी ओळखपत्र न्या. फोन, घड्याळ, पर्स लॉकरमध्ये जातं. लिहायला पुसता येणारी पाटी देतात. सुरू झाल्याबरोबर मी तिच्यावर सगळी सूत्रं उतरवून काढली, त्यात दोन मिनिटं गेली आणि पुढे खूप वाचली.

दर पंचवीस प्रश्नांनंतर घड्याळ पाहा, साधारण ३७ मिनिटं झालेली असावीत. एखादं पॅनेल किंवा गणित चार मिनिटं खाऊ लागलं तर सर्वांत शक्य वाटणारा पर्याय निवडा आणि पुढे चला. वेळ संपण्यापूर्वी शंभरही प्रश्नांना उत्तर दिलं गेलं पाहिजे.

९. निकाल आणि त्यानंतर

परीक्षा संपली की पडद्यावरच पास की नापास हा प्राथमिक निकाल दिसतो. गुणांचा अधिकृत अहवाल काही दिवसांत ऑनलाइन येतो.

नापास झालात तर विभागवार गुण छापून घ्या. एका पात्रता मार्गाखाली पाच प्रयत्न करता येतात, नवा अर्ज आणि शुल्क भरून. मी त्या दिवशी घरी येऊन रडले, दुसऱ्या दिवशी सुट्टी घेतली आणि तिसऱ्या दिवशी रक्तपेढीचं पहिलं पॅनेल सोडवायला बसले. लगेच पुन्हा तारीख घेऊ नका. कुठे कमी पडलो हे कागदावर दिसतंय, त्यावर किमान दोन-तीन महिने काम करा.

पास झालात तर दोन कामं लगेच करा. एक, तुमच्या राज्यात वेगळा परवाना लागतो का ते तपासा. न्यूयॉर्क, कॅलिफोर्निया, फ्लोरिडा, टेनेसी अशा काही राज्यांत लागतो, आणि कॅलिफोर्नियाच्या अटी बऱ्याच कडक आहेत. न्यू जर्सीत राहून नदीपलीकडे न्यूयॉर्कमध्ये नोकरी करायची असेल तरी तिथला परवाना हवा. दोन, सर्टिफिकेट दर तीन वर्षांनी टिकवावं लागतं आणि त्यासाठी ३६ गुणांचं सतत शिक्षण लागतं. रुग्णालयातली प्रशिक्षणं त्यात धरली जाऊ शकतात, म्हणून पहिल्याच महिन्यापासून प्रत्येक प्रशिक्षणाचा कागद एका फाइलमध्ये ठेवायला लागा. मूल्यांकनाचा अहवाल आणि अनुभवाची पत्रंही त्याच फाइलमध्ये ठेवा, कारण राज्याच्या परवान्यासाठी तेच कागद पुन्हा मागतात.